चहा महागला म्हणून अमेरिका पेटली? चहा तर स्वस्त झाला होता!

बजेटचा आठवडा आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास डोकं वर काढतो. थोडक्यात असा: "1773 साली इंग्रजांनी अमेरिकेत चहावर जबर कर लादला. भारतातून लुटून नेलेला तो चहा बोस्टनच्या लोकांनी समुद्रात फेकला. करांनी पिचलेल्या गरीब जनतेचा संयम सुटला होता. पहिल्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती, स्वातंत्र्य. सगळा देश एकदिलाने उठला आणि इंग्रजांना हाकलून दिलं. आणि आपण? पेट्रोलपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत मुकाट कर भरतो. जागे व्हा!" खाली मशाल, तिरंगा आणि 'पुढे पाठवा'.

करांबद्दल कुरकुर करायला कुणाचीच ना नाही. पण या मजकुरातली जवळपास प्रत्येक ओळ चुकलेली आहे, आणि चूक नुसती सनावळीची असती तर मी एवढं लिहायला बसलो नसतो. माणसं साम्राज्यावर उलटतात ती पोटाला चिमटा बसल्यावर, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींना नेमकं तेच लागू पडत नाही. एकेक ओळ घेऊ.

"इंग्रजांनी चहावर जबर कर लादला"

मे 1773 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने चहाचा जो कायदा केला, त्यात नवा कर एक पैचाही नव्हता. अमेरिकेत उतरणाऱ्या चहावर रतलामागे (म्हणजे सुमारे अर्ध्या किलोमागे) 3 पेन्स जकात होती ती 1767 पासूनची, आणि ती होती तेवढीच राहिली. बदललं ते दुसरंच. तोपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा लंडनला आणून लिलावात काढावा लागे. त्यावर इंग्लंडची जकात बसे, मग तिथले व्यापारी तो विकत घेऊन अमेरिकेला पाठवत आणि अमेरिकेतले घाऊकवाले पुढे दुकानदारांना देत. नव्या कायद्याने कंपनीला चहा थेट अमेरिकेत नेऊन विकायची मुभा मिळाली आणि इंग्लंडमधली जकात माफ झाली. मधले दलाल गळाले. बोही नावाचा साधा काळा चहा रीतसर घेतला तर रतलाला 3 शिलिंगांच्या आसपास पडायचा, तो आता 2 शिलिंगांना देता येणार होता. हॉलंडहून चोरून आणलेला चहा 2 शिलिंग 1 पेनीला मिळे. म्हणजे जकात भरलेला माल चोरट्या मालापेक्षा एका पेनीने स्वस्त!

सरकारला कंपनीचा एवढा पुळका यायचं कारण साधं होतं. कंपनी बुडायला आली होती. लंडनच्या गोदामांत पावणेदोन कोटी रतलांच्या आसपास चहा पडून होता आणि डोक्यावर देणी होती. पार्लमेंटमधल्या अनेकांचे पैसे कंपनीच्या शेअरमध्ये अडकलेले. तिला वाचवायला सरकारने 14 लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि वर पडून असलेला चहा खपवायला अमेरिकेची बाजारपेठ दिली.

मग स्वस्त चहावर लोक चिडले कशाला? कारण त्या स्वस्ताईत गळ होता. चहा घेतला की 3 पेन्स आपोआप भरले जाणार, आणि ते भरले की 'आमच्यावर कर बसवायचा हक्क लंडनच्या पार्लमेंटला आहे' हे गुपचूप मान्य केल्यासारखं होणार. याच जकातीवरून सहा वर्षं भांडण चाललं होतं. 1770 मध्ये काच, शिसं, रंग आणि कागद यांवरचे कर लंडनने मागे घेतले, पण चहावरचा मुद्दाम ठेवला. उत्पन्नासाठी नव्हे, हक्क शाबूत आहे हे दाखवायला.

यात व्यापाऱ्यांचा स्वार्थ नव्हता असं कुणी म्हणू नये. कंपनीचा चहा विकायचे अधिकार मोजक्या आडत्यांना मिळाले. मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांत गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. बाकीचे चहाचे व्यापारी एका फटक्यात बाहेर फेकले गेले, आणि हॉलंडहून चोरटा माल आणणाऱ्यांचं तर दिवाळंच निघणार होतं. तत्त्व आणि गल्ला एकाच बाजूला आले की माणसं फार लवकर तत्त्वनिष्ठ होतात, हे आपल्याकडच्या व्यापारी संघटनांनाही ठाऊक आहे.

16 डिसेंबर 1773 ची रात्र सगळ्यांना माहीत असते, त्या आधीचे वीस दिवस फारसे कुणाला नसतात. नियम असा होता की बंदरात आलेल्या मालाची जकात वीस दिवसांत भरली नाही, तर कस्टमने तो जप्त करून उतरवायचा. 'डार्टमाउथ' हे पहिलं जहाज 28 नोव्हेंबरला आलं. लोकांचं म्हणणं, चहा न उतरवता जहाज परत पाठवा. जहाजमालक तयार होता, पण जकात भरल्याशिवाय बंदर सोडायचा परवाना द्यायला गव्हर्नर तयार नव्हते. मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी परवान्याचा शेवटचा अर्ज फेटाळला गेला आणि त्याच रात्री तीन जहाजांवरच्या 340 पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या केल्या गेल्या. माल 92,000 रतल, किंमत 9,659 पौंड. बाकी कशाला हात लावला नाही. एक कुलूप तुटलं ते नंतर नवं आणून दिलं, आणि कोटाच्या अस्तरात चहा भरून पसार होऊ पाहणाऱ्या एका महाभागाला तिथेच धरून त्याचा कोट काढून घेतला. भडकलेल्या, उपाशी जमावाचं हे वागणं नाही.

कर कमी केला आणि लोक भडकले, हे पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. 1764 मध्ये उसाच्या मळीवरची जकात गॅलनला 6 पेन्सवरून 3 पेन्सवर आणली तेव्हाही हेच झालं. न्यू इंग्लंडमधल्या रमच्या भट्ट्या या मळीवर चालत. आधीचे 6 पेन्स कुणी भरतच नव्हतं, कस्टमच्या माणसाच्या हातावर काहीतरी ठेवलं की काम व्हायचं. नवे 3 पेन्स मात्र खरोखर वसूल करायचं ठरलं, आणि चुकवणाऱ्याचा खटला ज्यूरीशिवाय चालणाऱ्या आरमारी कोर्टात न्यायची तरतूद झाली. दर निम्मा झाला, पण पकडलेल्या माणसाचा न्याय करणारे त्याचे शेजारी राहिले नाहीत. राग त्याचा होता.

"भारतातून लुटून नेलेला चहा"

तो चहा चीनचा होता. कँटनहून आलेला. बोही, काँगू, सूचाँग, हायसन ही सगळी चिनी चहाची नावं. आसामच्या चहाचा लंडनमधला पहिला लिलाव 1839 चा, म्हणजे बोस्टननंतर 65 वर्षांनी.

हिंदुस्थानशी नातं आहे, पण ते वेगळं आणि जास्त मजेशीर. 1769-70 च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली आणि त्यात कंपनीच्या नोकरांनी धान्याचा धंदा केला, या बातम्या अमेरिकेत पोचल्या होत्या. नोव्हेंबर 1773 मध्ये, चहाची जहाजं यायच्या सुमारास, 'रस्टिकस' या टोपणनावाने छापलेल्या एका पत्रात तोच दाखला दिलेला आहे: या कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, जमिनीने पीक दिलं नाही म्हणून तिथे माणसं मेली नाहीत, यांनी धान्य दाबून भाव चढवले म्हणून मेली. हे पत्र पेनसिल्व्हेनियाचे वकील जॉन डिकिन्सन यांचं मानलं जातं. उद्या हीच कंपनी आपल्या उरावर बसेल, ही भीती फिलाडेल्फियात बंगालकडे बोट दाखवून घातली जात होती.

आणि दुसरा धागा थेट पुरंदरला येतो. कंपनीला सावरण्यासाठी 1773 च्या त्याच उन्हाळ्यात पार्लमेंटने रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला. त्याने मुंबईकर इंग्रज युद्ध आणि तहाच्या बाबतीत कलकत्त्याच्या हाताखाली आले. मुंबईकरांनी मार्च 1775 मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला, कलकत्त्याने तो झिडकारला आणि कर्नल अप्टनला पाठवलं. 1 मार्च 1776 ला पुरंदरचा तह झाला. बोस्टनच्या बंदरात चहा आणणारा कायदा आणि सखारामबापू-नाना फडणिसांच्या समोर अप्टनला बसवणारा कायदा ही एकाच दुरुस्तीची दोन टोकं. पुढे लंडनच्या मालकांनी सुरतेचाच तह उचलून धरला आणि सगळं पुन्हा पेटलं, पण ती गोष्ट वडगावची.

"करांनी पिचलेली गरीब जनता"

या ओळीवर थोडं थांबायला हवं.

सरकारी तिजोरीला माणशी किती पैसा जात होता याचे जे अंदाज इतिहासकार देतात, त्यांत ब्रिटनमधल्या माणसाचा आकडा वर्षाला 25 शिलिंगांच्या आसपास आहे आणि मॅसॅच्युसेट्समधल्याचा 1 शिलिंगाच्या. स्थानिक कर वेगळे, पण तेही हलकेच. जमीन मुबलक, मजुरी चांगली, खाणंपिणं भरपूर. वसाहतीत जन्मलेले सैनिक इंग्लंडमधल्या सैनिकांपेक्षा दोन-तीन इंच उंच भरत. लंडनचा राग समजण्यासारखा होता: फ्रेंचांविरुद्ध सात वर्षं लढून आमचं राष्ट्रीय कर्ज जवळपास दुप्पट झालं, ते युद्ध तुमच्या सरहद्दीसाठीही होतं, आणि तुम्ही शिलिंगभर द्यायला कुरकुरता?

लंडनला जे दिसत नव्हतं ते असं. व्हर्जिनियाची निवडून आलेली सभा 1619 पासून भरत होती. दीडशे वर्षं वसाहतींनी आपले रस्ते, शाळा, कोर्टं, सैन्याची भरती, सगळं आपल्या सभांत ठरवलं होतं. लंडन सहा-आठ आठवड्यांच्या समुद्रापलीकडे होतं आणि त्याला फारसं लक्ष द्यायला वेळ नव्हता. राजाचा गव्हर्नर असे, पण बहुतेक वसाहतींत त्याचा पगार स्थानिक सभा मंजूर करत असे. हीच खरी लगाम. सोसायटीच्या वॉचमनचा पगार सोसायटी देत असेल तर तो रहिवाशांचं ऐकतो. उद्या बिल्डर परस्पर पगार द्यायला लागला, तर वॉचमन तोच, गेट तेच, पण रात्री ते कुणासाठी उघडेल हे सांगायला नको. 1767 च्या जकातींचा पैसा नेमका यासाठी वापरायचा होता: गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार लंडनने द्यायचे, म्हणजे सभेच्या हातातला लगाम सुटेल. 1772 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा आणि वरिष्ठ न्यायाधीशांचा पगार असा परस्पर मिळणार हे कळल्यावर बोस्टनने गावोगाव पत्रं पाठवणारी समिती नेमली. चहाच्या एक वर्ष आधी. त्या समित्यांच्या जाळ्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

पार्लमेंटचं उत्तर ठरलेलं होतं: तुम्ही निवडून दिले नाहीत तरी आम्ही तुमचेही प्रतिनिधी आहोत, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही कुठे खासदार आहेत? खरंच नव्हते. आणि ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकाडाला दोन होते. स्वतःच्या घरातला हा घोळ दुसऱ्याला पुरावा म्हणून दाखवावा, याला काय म्हणायचं!

चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून 1774 मध्ये जे कायदे आले, त्यांतला बोस्टन बंदर बंद करणारा कायदा पुस्तकांत ठळक असतो. खेड्यापाड्यांना झोंबला तो दुसरा, मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराचा. वरिष्ठ मंडळ इथून पुढे राजा नेमणार. ज्यूरीतली माणसं गाव निवडणार नाही, शेरीफ निवडणार. आणि गावसभा वर्षातून एकदाच, त्यापुढे गव्हर्नरची परवानगी. रस्त्यावर मोकाट डुकरं सोडावीत की नाही हेही जे लोक सभेत हात वर करून ठरवत होते, त्यांना सांगितलं गेलं की आता विचारल्याशिवाय जमायचं नाही.

6 सप्टेंबर 1774 ला वुस्टर या तालुक्याच्या गावात काय झालं ते पाहा. त्या दिवशी नव्या कायद्याखाली कोर्ट भरायचं होतं. आसपासच्या गावांतून शेतकऱ्यांच्या तुकड्या चालत आल्या. एकाने बसून मोजणी केली, 4,622 माणसं. कोर्टाचं दार त्यांनी आधीच अडवून टाकलं होतं, न्यायाधीश जवळच्या खानावळीत अडकून बसले. दिवसभर घासाघीस झाली. मग माणसं मुख्य रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळीने उभी राहिली आणि न्यायाधीश, शेरीफ, वकील असे वीस-पंचवीस जण हातात टोप्या घेऊन मधून चालत गेले. 'या कायद्याखाली आम्ही काम करणार नाही' हे त्यांनी वाचून दाखवायचं, आणि ओळ एवढी लांब की सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तिसाहून जास्त वेळा वाचायला लावलं. गोळी एकही सुटली नाही. बोस्टनबाहेरच्या मॅसॅच्युसेट्समधली ब्रिटिश सत्ता त्या दोन-तीन आठवड्यांत गावागणिक अशी संपली, युद्धाच्या लेक्सिंग्टनमधल्या पहिल्या चकमकीच्या सात महिने आधी. बोस्टनच्या चहाला जेवढी प्रसिद्धी मिळाली तिच्या शतांशही वुस्टरला मिळाली नाही. चहाची रात्र नाटकात शोभून दिसते, कोर्टाच्या दारातली घासाघीस दिसत नाही.

त्या पहिल्या चकमकीच्या दिवशी लढायला धावलेल्या डॅन्व्हर्सच्या कॅप्टन प्रेस्टनला वयाच्या 91 व्या वर्षी एका तरुणाने विचारलं होतं, तुम्ही का गेलात? कागदपत्रांवरच्या स्टॅम्पच्या करामुळे? त्याने एकही स्टॅम्प पाहिला नव्हता. चहाच्या करामुळे? चहाचा थेंब तो कधी प्यायला नव्हता. मग? आम्ही आमचा कारभार नेहमी आम्हीच केला होता आणि पुढेही करणार होतो, त्यांच्या मनात ते नव्हतं, असं तो म्हणाला. ही आठवण छापली गेली पुष्कळ उशिरा, म्हणून शब्दाशब्दाला पुरावा मानू नये. पण वुस्टरच्या रस्त्यावर जे दिसतं तेच तो सांगतोय.

"पहिल्या दिवसापासून एकच हवं होतं, स्वातंत्र्य"

1765 च्या स्टॅम्प अ‍ॅक्टवर एवढा गदारोळ झाला, दस्त, वर्तमानपत्रं, पदव्या, अगदी पत्त्यांच्या जोडालाही मुद्रांक लागणार म्हणून. वर्षभरात तो मागे घेतला गेला तेव्हा न्यूयॉर्ककरांनी कृतज्ञता म्हणून काय केलं? तिसऱ्या जॉर्ज राजाचा घोड्यावर बसलेला, सोन्याचा मुलामा दिलेला शिशाचा पुतळा मागवला. 1770 मध्ये तो शहरात बसवला. बेंजामिन फ्रँकलिन यांना 1766 मध्ये पार्लमेंटने साक्षीला बोलावून विचारलं, 1763 पूर्वी ब्रिटनबद्दल अमेरिकेची भावना कशी होती? त्यांचं उत्तर होतं, जगात उत्तम.

एप्रिल 1775 मध्ये रक्त सांडल्यावरही जुलैत फिलाडेल्फियाच्या काँग्रेसने, म्हणजे तिथे जमलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजाला समेटाचा अर्ज पाठवला. भांडण पार्लमेंटशी आहे, महाराज मध्ये पडून सोडवतील, ही आशा तोवर खरी होती. महाराजांनी अर्ज स्वीकारलाच नाही आणि ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचा जाहीरनामा काढला. ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश आरमाराने फॅल्मथ गाव जाळलं. मग जर्मन संस्थानांकडून भाड्याचं सैन्य आणायचे करार झाले. जानेवारी 1776 मध्ये थॉमस पेन यांची पुस्तिका आली, ती राजेपणावरच तुटून पडली. हा माणूस इंग्लंडहून येऊन जेमतेम चौदा महिने झाले होते. जुन्या निष्ठेचं ओझं त्याच्यावर नव्हतं. त्या जुलैत न्यूयॉर्ककरांचा तो पुतळा पाडला आणि त्याच्या शिशाच्या 42,088 गोळ्या ओतल्या.

जुलै 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्यांना वाचायचा त्यांनी तक्रारींची यादी वाचावी. राजाविरुद्ध 27 कलमं आहेत. सभा बरखास्त केल्या, न्यायाधीशांचा पगार आणि नोकरी आपल्या मुठीत ठेवली, शांततेत सैन्य आणून बसवलं, ज्यूरीचा हक्क काढून घेतला. 'आमच्या संमतीशिवाय कर' हे त्यांतलं एक कलम, मध्ये कुठेतरी. चहा हा शब्द त्यात नाही.

"सगळा देश एकदिलाने उठला"

नाही, आणि ही थाप मला सगळ्यांत जास्त खटकते.

फ्रँकलिन यांचा स्वतःचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर होता. तो राजाच्या बाजूने राहिला, कैदेत गेला, बापलेकांचं पुन्हा कधी जुळलं नाही. युद्धानंतर 60,000 च्या आसपास माणसं देश सोडून गेली. आणि वसाहती तेराच नव्हत्या. जमैका, बार्बाडोस यांनाही तोच स्टॅम्प कायदा लागू होता, त्यांच्याही सभा होत्या. त्यांनी कर भरला. डिसेंबर 1774 मध्ये जमैकाच्या सभेने अमेरिकनांच्या बाजूने राजाकडे अर्ज केला खरा, पण त्यातच सांगून टाकलं की आमच्याकडे गुलामांची संख्या एवढी मोठी आहे की आम्ही विरोध करण्याच्या स्थितीत नाही. ब्रिटिश फौज गेली तर आपला गळा कोण वाचवणार, हा हिशेब. मुक्त माणसं मूठभर आणि गुलाम प्रचंड, वर साखरेला लंडनची हमखास बाजारपेठ. स्वातंत्र्याची हौस परवडणं ही गोष्ट असते.

तेरा वसाहतींतही पाचातला एक माणूस गुलाम होता. नोव्हेंबर 1775 मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं: बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त. (स्वतःचे गुलाम त्याने सोडले नाहीत, हे ओघाने आलंच.) काठावर बसलेले दक्षिणेतले अनेक जमीनदार त्या दिवशी बंडाच्या बाजूला सरकले. त्यांच्या दृष्टीने हा चहापेक्षा फार मोठा अपराध होता. जमिनीचंही तसंच. 1763 मध्ये राजाने हुकूम काढला की अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पश्चिमेला वस्ती करायची नाही, तो मुलूख मूळ रहिवाशांचा. तिकडच्या जमिनींवर डोळा असलेल्यांत जॉर्ज वॉशिंग्टन होते. 1767 मध्ये त्यांनी आपल्या मोजणीदाराला पत्रात लिहिलं की हा हुकूम म्हणजे तिथल्या लोकांना शांत करायची तात्पुरती युक्ती आहे, तू चांगल्या जमिनी हेरून ठेव. साम्राज्याविरुद्ध उठलेल्या या माणसांना एक तक्रार अशीही होती, की साम्राज्य त्यांना दुसऱ्यांची जमीन पुरेशी घेऊ देत नाही. 1857 किंवा 1942 च्या आपल्या लोकांशी त्यांची तुलना करताना एवढं तरी ध्यानात ठेवावं. ते राज्य करणाऱ्या लोकांपैकीच होते, स्वतःला इंग्रज म्हणवत होते आणि इंग्रजाला मिळतात ते हक्क मागत होते.

वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्ननवर हॅरी नावाचा गुलाम होता, आफ्रिकेतून आणलेला. तो 1776 मध्ये पळून डनमोरच्या फौजेला मिळाला. मालक एका सैन्याचा सेनापती, हा दुसऱ्या सैन्यात. युद्ध हरल्यावर ब्रिटिशांनी 1783 मध्ये न्यूयॉर्कहून इतर हजारो मुक्त कृष्णवर्णीयांबरोबर त्यालाही आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला नेलं. थंडी, नापीक जमीन. 1792 मध्ये तो त्यांतल्या बाराशेजणांबरोबर पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला गेला, तिथे आपली जमीन आणि आपला कारभार मिळेल या भरवशावर. ती वसाहत चालवणारी कंपनी जमिनीवर सारा मागायला लागली, जो घेणार नाही असं वचन दिल्याचं वसाहतकऱ्यांचं म्हणणं होतं. 1800 मध्ये त्यांनी स्वतःचे कायदे लिहून लावले. कंपनीने ते बंड म्हणून मोडलं, दोघांना फाशी दिलं, आणि हॅरी वॉशिंग्टनला हद्दपार केलं. राजाच्या बाजूने लढलेला माणूस पंचवीस वर्षांनी दुसऱ्या खंडात त्याच मुद्द्यावर उभा राहिला: इथले नियम कोण करणार?

"आणि आपण मुकाट कर भरतो"

युद्ध संपल्यावर मॅसॅच्युसेट्समध्ये कर किती झाले असतील? ब्रिटिश काळातल्या करांच्या कितीतरी पट. युद्धाची कर्जं फेडायला राज्याच्या निवडून आलेल्या सभेने ते बसवले, आणि चांदीच्या नाण्यातच मागितले. शेतकऱ्यांकडे नाणं नव्हतं, जमिनी जप्तीला निघाल्या. त्यांनी काय केलं? जे येत होतं तेच. 5 सप्टेंबर 1786 ला वुस्टरचं कोर्ट पुन्हा अडवलं. या वेळी पायऱ्यांवर न्यायाधीश म्हणून आर्टिमस वॉर्ड होते, 1775 मध्ये बोस्टनला वेढा घालणाऱ्या बंडखोर फौजेचे पहिले सेनापती. संगिनी त्यांच्या छातीला टेकल्या. चहाच्या रात्रीचे सूत्रधार समजले जाणारे सॅम्युएल अ‍ॅडम्स या वेळी सरकारच्या बाजूने होते आणि बंडखोरांना कडक शासन करा म्हणत होते. राजाविरुद्धचं बंड वेगळं, आपणच निवडलेल्या सरकारविरुद्धचं वेगळं, हा त्यांचा युक्तिवाद.

मला तो अर्धाच पटतो, कारण त्या शेतकऱ्यांचे हाल खरे होते. पण फरक होता हे मान्य करावं लागतं. बंड 1787 च्या हिवाळ्यात मोडलं. वसंतात निवडणूक झाली, मतदारांनी गव्हर्नर बोडन यांना पाडलं, जॉन हॅनकॉक निवडून आले आणि नव्या सभेने कर कमी केले. 1773 च्या बोस्टनकराला लंडनमधल्या एकाही खासदाराला असं पाडता येत नव्हतं. तेव्हा रिचार्जवरच्या जीएसटीबद्दल जरूर ओरडा, खासदाराला गाठा, पुढच्या वेळी मत दुसऱ्याला द्या. फक्त त्या फॉरवर्डमधला 'जबर कर' तेवढा खोडून पुढे पाठवा.